भोसरीचे एकशे वीस फॉर्म

१

बुधवारी सकाळी साडेआठला सीताराम गायधने माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं आणि वर्तमानपत्रात तो होता. पान तीन, फोटोसकट. ‘घरी बसून भरले सर्वेक्षणाचे फॉर्म.’

मी शालन ओव्हाळ. कामगार खात्यात बत्तीस वर्षं दुकानं आणि कारखाने तपासले, आणि दोन वर्षांपूर्वी, २००४ साली, निवृत्त झाले. सीताराम मूळचा भंडाऱ्याकडचा. भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात, एकोणीस वर्षं राबला. मालकांनी कारखाना बंद केला तेव्हा त्याचे कागद माझ्या टेबलावरून गेले होते, तेवढी आमची ओळख. पुढे तो एका सर्वेक्षण संस्थेत लागला. दारोदार फिरून लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं फॉर्मवर लिहायची.

या वेळचा प्रश्न होता, पुणेकरांना उद्योजकांबद्दल काय वाटतं? विचारणारे होते हिंजवडीतल्या सरंजामे सॉफ्टटेकचे मालक योगेश सरंजामे. त्यांना नव्या इमारतींसाठी आणखी जमीन हवी होती, गावकरी ती देत नव्हते, आणि सरंजाम्यांचं नाव काढलं की पानाच्या टपरीपासून पीएमटी बसच्या रांगेपर्यंत लोक तोंड वाकडं करत होते. मीही करत होते, उगाच सोवळेपणाचा आव कशाला आणू? तर या गृहस्थांनी जनमत विकत घ्यायचं ठरवलं. गेल्या रविवारी निकाल छापून आला. भोसरीतले ब्याऐंशी टक्के कामगार म्हणे उद्योजकांवर खूश होते.

एका वार्ताहराला हे पचलं नाही. भोसरीत जाऊन त्याने यादीतली दहा दारं वाजवली. दहाही जण म्हणाले, सर्व्हेवाला आला होता खरा, पण आम्ही असलं काही बोललो नाही. मग संस्थेने जाहीर केलं की भोसरीचे एकशे वीस फॉर्म खोटे आहेत आणि ते सीताराम गायधने यांनी भरले आहेत.

"एकशे वीस घरं फिरलो जी मी," सीताराम म्हणाला. "चांगलं बोलणारे मोजून पाच-सहा. बाकीच्यांनी शिव्याच दिल्या. तेवढ्या शिव्या गाळून तक्रारी लिहिल्या, ऑफिसात बाईमाणसं वाचतात म्हणून."

"मग हे खूश कामगार आले कुठून?"

"मला फॉर्म दाखवलेच नाहीत. फोनवर सांगितलं, येऊ नको. सोमवारी पोलिसात तक्रार देणार आहेत." त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "मॅडम, माझं काम दारात उभं राहायचं आहे. असं नाव झाल्यावर मला दारात कोण उभं करेल?"

मी चहा ठेवला. सरंजाम्यांनीच हे केलं असणार असं मी दूध उतू जायच्या आत ठरवून टाकलं होतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी स्वतःला असं कधीच करू दिलं नव्हतं.

२

संस्थेचं ऑफिस कर्वेनगरात होतं. एका सोसायटीच्या पार्किंगला भिंत घालून ते तयार केलं होतं. मालकीण रुपाली टिळेकर, वय पस्तीस-छत्तीस, तीन दिवस झोप नसल्यासारखी.

"आपण त्यांच्या कोण?" तिने विचारलं.

"कोणी नाही. म्हणून तर आले. नातेवाईक असते तर घरी बसून रडले असते."

तिने गठ्ठा समोर ठेवला. मी फॉर्म चाळले. नावं आणि पत्ते खरे होते, वार्ताहराला माणसं सापडली होती ती त्यावरूनच. उत्तरं मात्र गोड. ‘उद्योजकांमुळे देश पुढे जातो.’ ‘मालक हा वडिलांसारखा असतो.’ मी भोसरीत बत्तीस वर्षं जात होते. मालकाला वडील म्हणणारा कामगार मला भेटायचा होता.

"यात आठ-दहा जणांची अक्षरं दिसतायत," मी म्हणाले.

"चाळीतल्या पोरांना बसवलं असेल. आणि तारखा बघा." रुपालीने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. तिने स्वतः आखलेलं वेळापत्रक होतं ते. भोसरी, सीताराम, गुरुवार ७, १४ आणि २१ सप्टेंबर. "मी त्याला गुरुवार दिले होते. फॉर्मवर तारखा आहेत १०, १७ आणि २४. तिन्ही रविवार, वेळ सकाळी दहा ते एक. म्हणजे दिलेल्या दिवशी हा गेलाच नाही, नंतर कधीतरी नावं-पत्ते गोळा केले आणि उत्तरं घरी बसून लिहिली. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"तो फॉर्म आणून द्यायचा तेव्हा तारीख बघितली नव्हती?"

"पाकीट मोजून कपाटात ठेवते मी. तीस शहरभागांचं काम होतं, बाई. तपासणी नंतर करायची होती."

"आणि नंतर?"

"नंतर क्लायंटने मागून घेतले. स्कॅन करायला. त्यांच्याकडची श्रद्धा काटदरे म्हणून मुलगी सगळे गठ्ठे घेऊन गेली आणि चार दिवसांनी परत देऊन गेली. निकालाचे आकडेही त्यांनीच काढून दिले, आम्ही फक्त सही केली." हे बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण लगेच आवाज चढला. "पुढच्या वर्षीचं काम त्यांच्याकडूनच मिळणार होतं. बारा माणसांचं पोट आहे या ऑफिसवर. सोमवारी सरंजामे सर स्वतः इथे येणार आहेत. त्यांच्यासमोर तक्रारीवर सही व्हायला हवी म्हणाले."

"या फॉर्मबद्दल ते काही बोलले?"

"निकालाच्या दिवशी फोन आला होता. भोसरीचा एकूण एक फॉर्म आपण स्वतः वाचला, डोळ्यांत पाणी आलं म्हणाले. ते भोसरीतच मोठे झाले ना."

मी छत्री उचलली. रुपाली ज्याला पुरावा म्हणत होती, त्यानेच सीताराम सुटत होता, आणि दुर्दैवाने बहुतेक सरंजामेही.

३

कसं ते सांगते. पुण्यातल्या कारखान्यांना एकाच दिवशी सुट्टी नसते. सगळ्यांनी एकदम वीज ओढू नये म्हणून वार वाटून दिलेले असतात. भोसरीला गुरुवार. गुरुवारी भोसरीची प्रेस मशिनं गप्प असतात, माणूस उशिरा उठतो, दाढी करून मंडईत जातो, लग्नंसुद्धा गुरुवार बघून ठरतात. रविवारी सकाळी मात्र अख्खी भोसरी कामावर असते. रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात एकशे वीस कामगार घरी सापडणं शक्यच नाही.

रुपालीला हे माहीत होतं, तिने गुरुवार दिले ते त्यामुळेच. सीतारामने तर एकोणीस वर्षं गुरुवारची वाट बघितली होती. घरी बसून फॉर्म भरणारा माणूस तारीख कुठली टाकेल? त्याला ज्या दिवशी जायला सांगितलं होतं तीच. पकडलं जावं म्हणून मुद्दाम कोणी दुसरी तारीख लिहीत नाही.

शिवाय खोट्या फॉर्मवर नावं-पत्ते खरे होते. म्हणजे लिहिणाऱ्यासमोर मूळ फॉर्म होते, आणि त्यांवर गुरुवारच असणार. समोरचा गुरुवार बघून ज्याने रविवार लिहिला, त्याला गुरुवार हीच चूक वाटली होती. भरल्या कामाच्या दिवशी कामगार घरी कसा, असं त्याच्या मनात आलं. ज्याच्या आयुष्यात सुट्टी म्हणजे शनिवार-रविवार असते, अशा माणसाचं हे काम होतं. हिंजवडीचं.

इथवर मी खुशीत होते. पण योगेश सरंजाम्यांची गोष्ट पुण्यात कोणाला ठाऊक नव्हती? भोसरीतली पत्र्याची शेड, एक जुनं लेथ मशीन, खांद्यावर पोतं घेऊन सायकलवरून माल पोचवणारा तरुण. दर भाषणात ती शेड असायची. कंपनीच्या कॅलेंडरवर शेडचं चित्र होतं. असा माणूस भोसरीचे एकशे वीस फॉर्म स्वतः वाचतो आणि रविवार त्याच्या डोळ्यांना खुपत नाही? त्याने हे करवून घेतलं असतं, तर पहिल्याच फॉर्मवर त्याने चूक पकडली असती.

म्हणजे तो यात नव्हता. कंपनीतल्याच कोणीतरी त्याच्या पाठीमागे हे केलं होतं. मला मनापासून वाईट वाटलं. शुक्रवारी मी हिंजवडीला गेले ती त्या श्रद्धाला भेटायला. सरंजाम्यांची वेळ फक्त उपचार म्हणून मागितली होती.

४

काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर सरंजामे बसले होते. पन्नाशीचा, नीटनेटका, पांढऱ्या शर्टाचा माणूस. खिडकीतून खाली कंपनीच्या बसेसची रांग दिसत होती, आणि पलीकडे ज्या शेतावरून भांडण चाललं होतं ते शेत.

"गायधने आपले कोण?" त्यांनीही तेच विचारलं. पुण्यात कोणी कोणासाठी उगीच जिना चढत नाही अशी सगळ्यांची खात्री दिसते.

"कोणी नाही. गरीब माणूस आहे, तक्रार करू नका एवढं सांगायला आले."

"बाई, गरिबी मला सांगू नका. गरिबीतूनच आलोय." ते आरामात मागे टेकले. "आपल्याकडे माणूस चार पैसे कमवायला लागला की तो चोर ठरतो. अमेरिकेत त्याला टाळ्या मिळतात. इथे त्याच्या गाडीवर चरे ओढतात. म्हणून मला हा सर्व्हे हवा होता. खरं काय ते कळू दे. आणि यांनी तेवढ्यातही फसवलं."

"फॉर्म खोटे आहेत असं आपल्याला वाचताना नाही वाटलं?"

"छे. प्रत्येक शब्द ओळखीचा वाटत होता. भोसरीचा माणूस असाच बोलतो."

मी उठता उठता, निव्वळ निरोप घेताना बोलायचं म्हणून म्हणाले, "शेडच्या दिवसांत फार कष्ट पडले असतील आपल्याला."

त्यांचा चेहरा खुलला. हे त्यांना तोंडपाठ होतं. "काय सांगू? सुट्टी माहीत नव्हती. रविवारी सगळी भोसरी सामसूम, लोक बायकामुलांना घेऊन सारसबागेत, आणि त्या शांततेत माझ्या एकट्याचं लेथ चालू. तो आवाज अजून कानात आहे."

मी पुन्हा खुर्चीवर बसले. पाय दुखतात म्हणाले, पाणी मागितलं, आणि पाणी पिता पिता फॉर्म कोणी हाताळले तेही विचारून घेतलं. रविवारी भोसरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही इतकी मशिनं चालतात. हा माणूस त्या शेडमध्ये एक रविवारही उभा नव्हता.

५

श्रद्धा काटदरे मला खाली कॅन्टीनमध्ये भेटली. पंचवीस वर्षांची, गळ्यात ओळखपत्र. गठ्ठे नेले का विचारल्यावर हो म्हणाली. स्कॅन झाले का विचारल्यावरही हो म्हणाली, पण कपाकडे बघून.

"तुला प्रोजेक्ट आहे सध्या?" मी विचारलं.

"नाही. बेंचवर आहे. मार्चपासून." मला कळलं नाही असं वाटून तिने समजावलं, "म्हणजे पगार चालू असतो, काम नसतं. ट्रेनिंग रूममध्ये बसून राहायचं. आम्ही दहा जण आहोत."

"दहा जण," मी म्हणाले. "फॉर्मवर अक्षरंही साधारण तेवढीच आहेत."

मी तिला गुरुवारचं सगळं सांगितलं. सोमवारी कोणाचं नाव पोलिसात जाणार आहे तेही सांगितलं. आणि मघाशी वर काय ऐकलं, तेही.

"फॉर्म हाताळायला कोण होतं असं मी सरंजाम्यांना विचारलं. म्हणाले, एक बेंचवरची मुलगी होती, ओव्हरएन्थुझिअॅस्टिक, तिने काही गोंधळ घातला असेल तर कल्पना नाही. सीताराम सुटला तर पुढचं नाव तुझं आहे, मुली."

तिचे डोळे भरले, पण रडली नाही. "आम्ही नाही म्हणू शकत नव्हतो, मॅडम. बेंचवर असताना नाही म्हटलं की नेक्स्ट मंथ कमी करायच्या लिस्टमध्ये नाव. सर स्वतः ट्रेनिंग रूममध्ये आले होते. भोसरीचे ओरिजिनल फॉर्म वाचून खूप चिडले. मग एकदम शांत झाले. म्हणाले, हे लोक रागात बोललेत. शांतपणे विचारलं असतं तर काय बोलले असते, ते लिहा."

"आणि तारीख?"

"आम्ही तीच कॉपी करत होतो. सरच म्हणाले, अरे, गुरुवारी सकाळी कामगार घरी कसा असेल? कोणाला तरी डाऊट येईल. रविवार टाका सगळीकडे."

"मूळ फॉर्म कुठे आहेत?"

"कागद कापायच्या श्रेडरमध्ये घातले. मीच घातले." तिने कप बाजूला सारला. "एक लक्षात राहिलाय. एकाने सांगितलं होतं, ‘आमचा मालक चांगला होता, त्याचा मुलगा परदेशात शिकून परत येईपर्यंत.’ माझे बाबा चिंचवडला होते. तेही असंच म्हणायचे."

"हे लिहून देशील?"

"माझं नाव येईल?"

"येईल," मी म्हणाले. खोटं सांगून मिळवलेला कागद मला नको होता. "नोकरीही जाईल."

ती ‘विचार करते’ म्हणाली आणि लिफ्टकडे गेली. माझ्या हातात सोमवारसाठी एका वाराखेरीज काहीच नव्हतं.

६

सोमवारी अकराला पार्किंगमधल्या त्या ऑफिसात आम्ही पाच जण होतो. रुपाली, सरंजामे, त्यांचा वकील, मी, आणि दाराशी उभा सीताराम. बस म्हटलं तरी तो बसला नाही. तक्रारीचा मसुदा टेबलावर होता.

मी गुरुवारची गोष्ट सांगितली. रुपालीने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे, आणि कपाळाला हात लावला. आपणच आखलेल्या वेळापत्रकाचा अर्थ तिला आपल्याच माणसाविरुद्ध लावता आला होता.

"म्हणजे माझ्याकडच्या कोणा ज्युनिअरने घोळ घातला," सरंजामे म्हणाले. "मी चौकशी लावतो."

"आपण एकशे वीसही वाचलेत," मी म्हणाले. "भोसरीत दिवस काढलेल्या माणसाने पहिल्याच फॉर्मवर विचारलं असतं, रविवारी हा घरी कसा? आता दोनच शक्यता उरतात. चूक दिसूनही आपण गप्प बसलात, किंवा आपण त्या भोसरीचे नाहीतच. शुक्रवारी आपणच मला सांगितलंत, रविवारी भोसरी सामसूम असायची. रविवार आपणच लिहायला लावलेत."

वकील काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं. श्रद्धा होती. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. तिने चार पानं रुपालीसमोर ठेवली, खाली सही केलेली, आणि सीतारामकडे बघून म्हणाली, "काका, सॉरी." सीतारामने नुसती मान हलवली.

रुपालीने पानं वाचली आणि तक्रारीचा मसुदा फाडला. पुढच्या वर्षीचं कामही त्यासोबत फाटलं, हे तिला कळत होतं. या सगळ्या प्रकरणात मला तिचा पहिल्यांदा आदर वाटला.

सरंजामे चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. कोट चढवत म्हणाले, "माझ्या वडिलांची पुण्यात तीन मंगल कार्यालयं होती, बाई. त्यातलं एक विकून कंपनी काढली. हे मी भाषणात सांगितलं तर कोण ऐकेल? श्रीमंताला माफी हवी असेल तर आधी गरीब असावं लागतं. शेड मला नको होती, लोकांना हवी होती."

"आणि सीताराम कोणाला हवा होता?"

ते वकिलाला घेऊन बाहेर पडले. गाडीचं दार वाजल्याचा आवाज आला. त्यांच्यावर पुढे काही झालं का? वकिलाने ‘अंतर्गत प्रक्रियेतील त्रुटी’ असं एक पत्रक काढलं. पंधरा दिवसांनी एका सभागृहात त्यांचा सत्कार झाला. शेडचा उल्लेख झाला असं ऐकलं.

७

सीतारामचा खुलासाही छापून आला. सातव्या पानावर, चार ओळी, फोटोशिवाय. रुपालीने ठरवलं की भोसरीची घरं पुन्हा करायची, आणि खरे आकडे स्वतःच्या खर्चाने छापायचे. काम सीतारामनेच करावं म्हणाली. मी सोबत निघाले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

पहिल्या चाळीतलं पहिलं दार एका साठीच्या बाईंनी उघडलं. सुंदराबाई नाव. मागच्या वेळी त्यांनी सीतारामला आत बसवून पोहे दिले होते, असं तो वाटेत सांगत होता.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "त्यो पेपरातला तूच न्हाय का? आमच्या नावानं खोटं लिवणारा?"

"मी नाही लिहिलं, आजी," सीताराम म्हणाला. "नंतर छापून आलं आहे तसं."

"म्या न्हाय बघितलं. फोटू बघितला व्हता."

मी कात्रण पुढे केलं. चार ओळी. बाईंनी ते घेतलं नाही. वाचता येत नाही म्हणाल्या. मी सगळं सांगायला लागले. गुरुवार, रविवार, हिंजवडी, सरंजामे. माझा आवाज चढत गेला, शेजारची दोन दारं उघडली आणि मिटली. सुंदराबाईंनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"त्या सरंजाम्यानं केलं म्हनता?" त्या म्हणाल्या. "त्यानं केलंच आसंल. मोठी मानसं दुसरं काय करत्यात?" मग सीतारामकडे वळून, वाईट वाटून, अगदी हळू बोलल्या, "पर तू बी त्याचंच खातोस की रं, बाबा. दुसऱ्या घरी विचार."

दार मिटलं. मला त्या बाईंचा राग आला, मग सरंजाम्यांचा, मग स्वतःचा. ज्या दिवशी सरंजाम्यांनी केलं हे मी पुराव्याशिवाय ठरवलं होतं, त्या दिवशी मी याहून वेगळं काय केलं होतं? मी सीतारामला म्हणाले, "राहू दे. आपण परत जाऊ."

त्याने फॉर्मवर घर नंबर एकसमोर ‘माहिती देण्यास नकार’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, तारीख टाकली आणि पेनाला टोपण लावलं.

"अजून एकशे एकोणीस आहेत, मॅडम," तो म्हणाला, आणि पुढच्या दाराशी जाऊन कडी वाजवली.